ऑफिसचं नूतनीकरण करताय? एसीच्या दुकानात जाण्याआधी या चुका टाळा

बडोद्यात होळी झाली की ऑफिसांतून एकच तक्रार सुरू होते: एसी पुरत नाही. मग दीड टनाच्या जागी दोन टनाचा येतो. मे कसाबसा निघतो, पण जुलैत तेच ऑफिस गार आणि दमट होतं, फाइलींना कुबट वास येतो, कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरते. ऊन अडवायच्या आधी थंडावा विकत घेणं ही जुन्या इमारतीवर खर्च करणाऱ्यांची सगळ्यात महागडी चूक आहे. आधी ऊन अडवा, मग पंखे-दिवे बघा. एसी किती टनाचा, हे त्यानंतर ठरवायचं.

मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. हवेतला ओलावा निघायला मात्र आतली कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात खरं काम ओलावा काढण्याचंच असतं. ते होत नाही, अंग चिकचिकतं, मग कुणीतरी रिमोट घेऊन २० वर आणतं. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग कमी करून चालतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. ‘शंभर फुटाला एक टन’ हा हिशोब तर सोडूनच द्या. तळमजल्यावरची पूर्वेची खोली आणि गच्चीखालची पश्चिमेची खोली यांना एकच माप लागू होत नाही.

ऊन कुठून येतं ते आधी पाहा

बडोदा कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा जुलैच्या पूर्वार्धात दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. म्हणून उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही. तापते ती गच्ची, आणि दुपारनंतर पश्चिमेची बाजू. वरच्या मजल्यावर संध्याकाळी सहा वाजता स्लॅबला खालून हात लावून पाहा. तो गरम लागला तर तुमचा एसी रात्री बंद होईपर्यंत त्या स्लॅबशीच झुंजत असतो.

गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप, हा सगळ्यात स्वस्त इलाज. चूक होते ती ओल्या, गळक्या स्लॅबवर लेप मारण्यात. ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आधी गळती काढा, उन्हात स्लॅब पूर्ण वाळू द्या, मग लेप. आणि धूळ बसली की पांढरा रंग काम करत नाही. उन्हाळा लागण्याआधी गच्ची धुवायचं काम कुणाच्या तरी नावावर लावून द्या.

पश्चिमेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरत नाही, कारण चार वाजता ऊन तिरपं, थेट आत येतं. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा बाहेरून बांबूची चिक लागते. बाहेरून, हे महत्त्वाचं. आतला पडदा डोळ्यांवरचं ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काचेच्या आत आलेली असते. काचेला काळी फिल्म लावण्याची घाईही नको. ती उजेड अडवते, मग भर दुपारी दिवे लागतात. स्वतः तापते, आणि कधीकधी काच तडकते. विक्रेत्याला दोन आकडे विचारा: उष्णता किती आत येते आणि उजेड किती. फक्त रंग दाखवत असेल तर दुसरा विक्रेता बघा.

बाहेरचं युनिट कोंडू नका

याकडे लोक फार कमी बघतात आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. दिसायला बरं म्हणून इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये आठ-दहा युनिटं एकावर एक बसवतात. खालच्याने सोडलेली गरम हवा वरचं ओढून घेतं. बाहेर ४२ अंश असले तरी वरच्या युनिटला त्याहून कितीतरी तापलेली हवा मिळते. ते वीज जास्त खातं, थंडावा कमी देतं, आणि शेवटी बंद पडतं. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे. गॅस भरून घेण्याआधी युनिट चालू असताना डक्टच्या तोंडाशी उभे राहा. तिथे गरम झळ लागत असेल तर युनिट हलवायची गरज आहे. पुढची बाजू मोकळी ठेवा, सजावटीची लाकडी जाळी काढून टाका.

डांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत आता सीए-वकिलांची ऑफिसं आहेत. तिथली उंच छतं फॉल्स सीलिंगने झाकणं, वरचे झरोके प्लायने बुजवणं आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देणं, हे तीनही करू नका. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंट ती कोंडतं. एप्रिल-मेच्या कोरड्या रात्री झरोके उघडे ठेवले की जाड भिंती गार होतात आणि सकाळचे काही तास एसीशिवाय निघतात. पावसाळ्यात मात्र हा उपाय नाही, तसाच कूलरही नाही.

दुसऱ्या टोकाला, सगळ्या फटी बुजवून ऑफिस हवाबंद करणारेही आहेत. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. मीटिंगमध्ये अर्ध्या तासात सगळे पेंगू लागले तर खोलीत कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर ठेवून पाहा. आकडा सतत हजार पीपीएमच्या वर राहत असेल तर ताज्या हवेचा पंखा हवा. त्याचं तोंड जनरेटरच्या धुराकडे येणार नाही हे बघा.

दिव्यांचं सोपं आहे: जुनी ट्यूब काढताना चोकही काढा. पंखे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) घ्या; साधा ७५ वॉट घेतो, हा ३० च्या आसपास. पंखा चालू असेल तर २६ अंशही सुखाचे वाटतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे रूम एसी २४ वरच सुरू होतात, आणि एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ब्युरोच सांगतो. १८ वर ठेवल्याने साध्या एसीत खोली लवकर गार होत नाही, गरजेपेक्षा जास्त होते एवढंच.

आणि खर्च मंजूर करण्याआधी मीटर वाचा. शनिवारी कुलूप लावताना आकडा लिहून घ्या, सोमवारी कुलूप उघडताना पुन्हा. माणूस नसताना एवढी युनिटं कुठे गेली याचा शोध घेतला की वॉटर कूलर, जुना यूपीएस, कुणीतरी विसरलेला सर्व्हर रूमचा दुसरा एसी सापडतो. यात पैसा लागत नाही. नंतरची तुलनाही युनिटांत करा, रुपयांत नको, कारण दर बदलतात. आणि मेची तुलना मागच्या मेशीच.

सोलर या सगळ्यानंतर. आधीच्या वाढीव खपावर माप काढलंत तर गरजेपेक्षा जास्त पॅनेल घ्याल. शिवाय पॅनेलच्या पायांसाठी स्लॅबला भोकं पडतात, आणि एकदा ते बसले की खाली लेप मारायला कारागिराचा हात पोहोचत नाही. म्हणून गच्चीचं काम पूर्ण करून, एक पावसाळा गळती तपासून, मगच सोलरवाल्याला बोलवा.