महिमंडणगड आणि चकदेव : कांदाटी खोऱ्यातील मोडलेल्या वाटांवर जाताना

महिमंडणगडाचा शोध नकाशात घेऊ लागले की बहुधा आधी महिमानगड समोर येतो. तो माण तालुक्यात, सातारा–पंढरपूर रस्त्यावर, पुसेगाव आणि दहिवडी यांच्या दरम्यान आहे. आपल्याला जायचे आहे ते नेमके उलट दिशेला, सह्याद्रीच्या मुख्य धारेवर, जेथून पश्चिमेला पाहिले की थेट खेड तालुक्याचे कोकण दिसते. त्यामुळे गाडीवाल्याला गडाचे नाव सांगण्याऐवजी ‘कांदाटी खोऱ्यातले शिंदी’ असे गावाचे नाव सांगावे. एवढ्या एका खबरदारीने अर्धा दिवस वाचतो.

या भागात डोंगर चढण्यापेक्षा डोंगराच्या पायथ्याशी पोहोचणे अवघड आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेतल्यास पुढचे नियोजन सोपे होते. कांदाटी ही कोयनेची उपनदी. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरल्यावर नदीपलीकडची ही गावे पाण्यामुळे आपल्याच तालुक्यापासून आणि जिल्ह्यापासून तुटली. कागदोपत्री ती महाबळेश्वर तालुक्यात आहेत, पण अनेक वर्षे त्यांचा बाजारहाट कोकणात, खेडला होत आला. जुन्या पाऊलवाटा म्हणूनच दोन दिशांना जातात : एक जलाशयाकडे उतरते आणि दुसरी धारेवरून कोकणात. महिमंडणगड हा गड आणि चकदेव हे डोंगरावरचे देवस्थान, यांच्या वाटा या दोन्हींच्या मधल्या फाट्यांवर आहेत.

साताऱ्याहून निघणाऱ्याला दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला महाबळेश्वर–तापोळा हा, सुमारे २५ ते ३० किलोमीटरचा वळणावळणाचा उतार, आणि तेथून जलाशय ओलांडून पलीकडच्या काठाने पश्चिमेकडे. या मार्गावर लाँच किंवा तराफ्याची वेळ हीच तुमची वेळ. फेरी कधी सुटते, शेवटची परत कधी येते आणि पाण्याची पातळी किती आहे, या तीन गोष्टींची चौकशी आदल्या दिवशीच करावी. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की लाँच नेहमीच्या धक्क्याला लागत नाही आणि वाळलेल्या गाळातून बरेच चालावे लागते. दुसरा मार्ग कोकणातून आहे : आंबेनळी घाटाने पोलादपूर, कशेडीमार्गे खेड, तेथून खोपी आणि मग रघुवीर घाट चढून शिंदी. हा मार्ग लांबचा वाटतो, परंतु स्वतःची गाडी असल्यास मी हाच निवडतो, कारण त्यात कोणाच्या फेरीवर अवलंबून राहावे लागत नाही.

अर्थात पावसाळ्यात हा मार्गही निरुपयोगी ठरतो. रघुवीर घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडणे ही तेथील नेहमीची बाब आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आंबेनळी घाटाचा रस्ताच जागोजागी वाहून गेला होता. जून ते सप्टेंबर या काळात इकडे येऊच नये, आणि ऑक्टोबरातही घाट सुरू असल्याची खात्री करूनच निघावे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत योग्य. मार्चनंतर गवत वाळते, वणव्यांची भीती असते आणि पाणी आटू लागते.

गाडीची टाकी महाबळेश्वर किंवा खेड येथेच भरून घ्यावी. सुटे चाक आधी तपासावे, कारण घाटात पंक्चरचे दुकान सापडणार नाही. गावात पोहोचल्यावर गाडी वळवून, तोंड परतीच्या दिशेला करून, एसटीची वळण्याची जागा सोडून लावावी. एसटीने जाणार असाल तर त्या गावची मुक्कामी गाडी आहे का, हे आगारात विचारावे. मुक्कामी गाडी संध्याकाळी येते आणि पहाटे सुटते, म्हणजे तुम्हाला दोन रात्री गावात काढाव्या लागतील. यात तोटा काही नाही. देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपण्यापूर्वी परवानगी घ्यावी, शिधा सोबत न्यावा आणि एखाद्या घरी जेवण करून मिळाले तर त्याचे पैसे आग्रहाने द्यावेत. गावांत आता म्हातारी माणसेच अधिक, तरुण बहुतेक मुंबई-पुण्यात. ‘पाहुणे आहात, राहू द्या’ हे ऐकून पैसे खिशात परत ठेवू नयेत.

वाटांचा खरा प्रश्न याच स्थलांतरातून निर्माण झाला आहे. ज्या वाटेने रोज गुरे, मोळ्या आणि बाजारकरी जात, ती आपोआप मोकळी राही. वहिवाट थांबली की दोन पावसाळ्यांत कारवी, म्हणजे इकडची दाट वाढणारी झुडपे, तिला गिळते. म्हणून गावात चौकशी करताना ‘वाट आहे का?’ असे विचारू नये. उत्तर नेहमी ‘आहे की’ असेच येते. ‘वाट मोडली आहे का, आणि यंदा तिकडून कोण जाऊन आले?’ असे विचारावे. कोणी गेलेले नसेल तर वाटाड्या घेतल्याशिवाय निघू नये.

महिमंडणगडासाठी मेटशिंदी हे पायथ्याचे गाव. नावातला ‘मेट’ म्हणजे गडाखालच्या पहाऱ्याची जागा, त्यामुळे गडाकडे जाणारी मूळ वाट येथूनच असणार हे नावच सांगते. चढाईला दीड ते दोन तास धरावेत. पाळावयाचा नियम एकच : मळलेली दिसते ती वाट बरोबरच असेल असे नाही. ढोरवाट मळलेली असते, पण ती पाण्याकडे किंवा चराईकडे जाते, उंची न घेता आडवी फिरत राहते आणि पुढे चार पायवाटांमध्ये फुटून विरते. माणसांची जुनी वाट सोंडेचा, म्हणजे डोंगरातून खाली उतरणाऱ्या धारेचा, आधार घेते, अवघड जागी तिला दगड लावलेले आढळतात आणि ती खिंडीकडे निश्चित अशी चढत जाते. एकदा कारवीतून सरळ पुढे जाणाऱ्या रुंद ढोरवाटेला मी तासभर चिकटून राहिलो आणि शेवटी एका घळीच्या तोंडाशी, जेथे गुरांनी बसून जमीन चोपडी केली होती, तेथे उभा राहिलो. तेव्हापासून दहा मिनिटे उंची मिळाली नाही तर मी थांबतो आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे येतो. वाट चुकल्यावर कारवीतून सरळ वर घुसणे ही सर्वांत वाईट युक्ती आहे, कारण कारवीच्या दाटीत कड्याची कडा दिसत नाही.

फाट्यांवर दगडांची छोटी लगोर रचावी आणि मागे वळून तो फाटा उतरताना कसा दिसेल ते पाहून घ्यावे. रंगाचे बाण मात्र काढू नयेत. गडमाथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर रिकामी बाटली घेऊन चढू नये. माणशी किमान ३ लिटर पाणी गावातूनच न्यावे.

चकदेवला वळवण गावातून जावे. माथ्यावर वस्ती आहे आणि चौकेश्वराचे देऊळ आहे, त्यामुळे ही वाट तुलनेने जागती असते. तरीही दोन तास लागतील असे समजून चालावे. कोकणातील आंबिवली गावातून लोखंडी शिड्यांवरून चकदेववर येणारी वाटही प्रसिद्ध आहे. ती दिसायला फार आकर्षक, म्हणून पुष्कळ जण वरून शिड्या उतरून पाहण्याचा मोह धरतात. शिडीचे बांधकाम हलते का, हे वरून कळत नाही. उतरायचेच असेल तर आंबिवलीच्या माणसाकडून त्या वर्षीची स्थिती विचारून, एका वेळी एकानेच, तोंड कड्याकडे ठेवून उतरावे.

कड्यांना आग्या मोहोळे असतात. त्यांच्याखाली धूर, आरडाओरडा आणि अत्तर या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. घोणस आणि फुरसे या सापांच्या दोन्ही विषारी जाती या भागात आढळतात, त्यामुळे दगडाच्या कपारीत न पाहता हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापणे किंवा आवळून बांधणे यांत वेळ न घालवता अवयव स्थिर ठेवून माणसाला उचलून रस्त्यापर्यंत आणावे. मोबाईलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक लागेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून गावात गाडी कोणाकडे आहे हे चढण्यापूर्वीच माहीत करून घ्यावे.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत अर्धा तास आधीच अंधार होतो. दुपारी दोनला जेथे असाल तेथून मागे फिरावे, माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरीही. निघताना गावातील एका घरी कोणत्या वाटेने जातो आणि केव्हा परततो हे सांगून जावे, आणि उतरल्यावर पहिला चहा त्याच घरी जाऊन घ्यावा. थेट गाडीत बसून निघून गेलात, तर तेथील माणसे अंधारात बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला डोंगरावर जातील.