रोहिणी लागायच्या आत बोडी वाळवा: माशांवरच्या जळवांसाठी सल्ला

भंडारा-गोंदियाकडच्या बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, आता तळाला लागल्यात. तळ उघडा पडायची वर्षातली ही एकच वेळ, आणि नेमकी तीच वाया जाते. गुडघाभर पाणी उरलं की ‘राहू दे, पाऊस येतोच आहे’ म्हणून सोडून द्यायचं, त्यातच बोटुकली (बोटभर वाढलेलं मत्स्यबीज) टाकायची, आणि पोळ्याच्या सुमारास मासे अंग घासायला लागले की दुकान गाठायचं. दरवर्षी हेच बघतोय.

आधी जळू ओळखा. म्हशीच्या पायाला किंवा आपल्या पोटरीला डसते ती मोठी, जाड जळू जबड्यांनी कातडी कापते. तिला गुरं-माणसं लागतात. दगडाखालच्या चपट्या लहान जळवांपैकी बऱ्याच गोगलगायींवर जगतात, काही तर पाण्यातल्या अळ्या आणि गांडुळं अख्खी गिळतात. यांच्यावर पैसा घालवू नका.

माशाची जळू बारीक, हिरवट-करडी, दोन-तीन सेंटिमीटरची. तिला जबडा नसतो, सोंड असते. गवताच्या काडीला मागच्या चकतीने चिकटून पुढचं अंग पाण्यात हलवत बसते आणि मासा जवळून गेला की धरते. कल्ल्याचं झाकण उचलून आत बघा, परांच्या मुळाशी बघा, तोंडात बघा.

पोट भरलं की ती मासा सोडून देते. पुन्हा गवतात, दगडाखाली जाते, रक्त पचवते, तिथेच वाढते. एका पोटभर रक्तावर ती कितीतरी आठवडे काढते. म्हणून माशावर कधी दोनच जळवा दिसतात, पण लाल ठिपके अंगभर असतात. त्या जखमांवर पुढे कापसासारखी बुरशी धरते, आणि एका माशाच्या रक्तातले परजीवी दुसऱ्यात जातात ते वेगळंच. मोठा मासा तग धरतो, बोटुकली मरते.

आता सांगा, माशाला औषध लावून तळ्यातली जळू कशी जाणार?

पाणी पूर्ण काढा. गवत, जलपर्णी, कुजक्या काड्या उपटून बांधाबाहेर लांब टाका. काठावर ठेवलंत तर पहिल्या पावसात सगळं परत आत. तळाला भेगा पडेपर्यंत ऊन खाऊ द्या. ओल राहील त्या खड्ड्यांत कळीचा चुना जाड पसरा, बाकी तळावर हेक्टरी 200 ते 250 किलो. जमीन आम्लधर्मी असेल तर जास्त. मामा (माजी मालगुजारी) तलाव सिंचनाचा, तो रिकामा करता येत नाही. तिथे पाणी मागे सरकलंय तोवर काठचं गवत तरी काढा. प्लास्टिकच्या शेततळ्यात कागदाच्या घड्यांतला गाळ उपसा.

वळीव यंदा लवकर आला तर हे जमणार नाही. आजच पंप लावा.

बीज सोडताना:
– 2 टक्के मिठाचं पाणी (लिटरला 20 ग्रॅम), 2-3 मिनिटं. मासा कलंडला की लगेच बाहेर
– ते पाणी तळ्यात ओतू नका, गळून पडलेल्या जळवा त्यात जिवंत असतात
– बीज आणलेली पिशवी 15-20 मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवा
– हेक्टरी 5,000 बोटुकली. कटला 40, रोहू 30, मृगळ 30 टक्के
– खाद्य: शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, समसमान

दुकानदार कीटकनाशकाची बाटली पुढे करेल. तसली बरीच औषधं झिंगे आधी मारतात, मात्रा चुकली तर मासेही. मोरचूद (कॉपर सल्फेट) मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यात फार जहाल होतं. पाण्याची तपासणी न करता जो मात्रा सांगतो, त्याच्याकडून काही घेऊ नका. मीठ आणि चुना गावातच मिळतो.

माझा एक अंदाज: बदकं फिरतात त्या बोडीत जळवा कमी सापडतात. करून बघायला हरकत नाही, फक्त बोटुकली चांगली मोठी झाल्यावरच बदकं सोडा.

आणि शेजारच्या बोडीतलं जाळं मागून आणलंत तर दोन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय पाण्यात टाकू नका. गाठींत अडकलेलं गवत हाताने काढा, जळू त्यातूनच येते.