पुरुष नसबंदी: आधीची तयारी, शस्त्रक्रियेची वीस मिनिटं आणि नंतरचे तीन महिने

नसबंदी करून घ्यायचं ठरवलेल्या पुरुषाच्या मनात बहुधा दोन प्रश्न घोळत असतात: दुखेल का, आणि पुरुषत्वावर काही परिणाम होईल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरं धीर देणारी आहेत. पण सगळ्यात महत्त्वाचा तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो: नसबंदी लागू कधी होते? टेबलावरून उतरल्यावर लगेच होत नाही. सुमारे तीन महिन्यांनी वीर्यतपासणीचा चांगला अहवाल हातात येतो, तेव्हा ती पूर्ण झाली असं म्हणायचं. तोवर गर्भ राहू शकतो. नको असलेली गर्भधारणा अनेकदा याच मधल्या काळात होते, म्हणून हे अगदी सुरुवातीलाच सांगितलं.

नेमकं काय बंद होतं

शुक्राणू वृषणात तयार होतात, वृषणाच्या पाठीला चिकटलेल्या गुंडाळीत पक्व होतात आणि तिथून शुक्रवाहिनी नावाच्या नळीतून वर जातात. दोन वृषणं, दोन नळ्या. ही नळी तुम्हाला स्वतःला चाचपता येते. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंडकोशाची कातडी सैल पडते. तेव्हा वृषणाच्या वरचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच चोळा. बॉलपेनच्या बारीक रिफिलसारखं काहीतरी गोल आणि टणक बोटांखालून सटकेल. तीच शुक्रवाहिनी. बाहेरून ती दोन-तीन मिलिमीटर जाड असली तरी आतलं भोक जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. बाकी सगळा स्नायू, म्हणून ती अशी घट्ट लागते.

नसबंदीत फक्त ही नळी तोडून बंद करतात. पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, या नळीतून जातच नाही. ते वृषणातून थेट रक्तात मिसळतं. त्यामुळे कामेच्छा, ताठरता, आवाज, दाढी, ताकद यांचा या नळीशी संबंध नाही. वीर्यही पूर्वीसारखंच येतं, कारण त्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. वृषणाकडचा वाटा दोन ते पाच टक्के, तेवढाच कमी होतो आणि तो डोळ्यांना कळत नाही. शुक्राणू तयार होत राहतात, पण वाट बंद असल्यामुळे शरीर ते जागच्या जागी विरघळवून शोषून घेतं.

ठरवण्याआधी

नसबंदी कायमची समजूनच करावी. नळी पुन्हा जोडता येते, हे खरं. पण ते सूक्ष्मदर्शकाखाली करायचं लांबलचक काम आहे, आणि नळी जोडली गेली तरी मूल होईलच याची हमी नसते. मध्ये जितकी जास्त वर्षं जातात तितकी शक्यता घटते. ‘पुढेमागे लागलंच तर जोडून घेऊ’ हा विचार मनात असेल तर आज नसबंदी करू नये. घरात मोठा ताण चालू असताना, नुकतीच ताटातूट झाली असताना किंवा कुणाच्या दबावाखाली हा निर्णय घेऊ नये. थोडे दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

आधीच्या तपासणीत डॉक्टर दोन्ही बाजूंची नळी हाताला लागते का ते पाहतात. काही जणांत एका बाजूची नळी जन्मतःच नसते. पूर्वी हर्निया, हायड्रोसील किंवा न उतरलेल्या वृषणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आतल्या व्रणामुळे नळी सुटी करणं अवघड जातं. हे आधी कळलं तर त्याप्रमाणे तयारी करता येते. रक्त पातळ करणारी गोळी, अ‍ॅस्पिरिन, मधुमेह, भुलेच्या औषधाची अ‍ॅलर्जी, अंडकोशात आधीपासून असलेलं दुखणं, सुई पाहून घेरी येण्याची सवय, हे सगळं मोकळेपणाने सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. हृदयाला स्टेंट बसवलेल्या माणसाने ती अचानक थांबवणं नसबंदीपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. ती किती दिवस थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

आदल्या दिवशी आणि त्या सकाळी

अंडकोशाच्या पुढच्या बाजूचे आणि लिंगाच्या मुळाशी असलेले केस कापून घ्या. यासाठी वस्तऱ्यापेक्षा ट्रिमर बरा. सैल, सुरकुतलेल्या कातडीवर वस्तरा हमखास चिरा पाडतो आणि त्या चिरांतून जंतू आत शिरतात. तिथे फोड, गळू किंवा खाज सुटलेलं नायट्यासारखं काही असेल तर कळवा. ते बरं होईपर्यंत तारीख पुढे ढकलणंच योग्य.

सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ करा, पावडर किंवा क्रीम लावू नका. फक्त जागा बधिर करून काम होणार असेल तर हलकं खाऊन जा, रिकाम्या पोटी घेरी लवकर येते. गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर उपाशी राहण्याच्या सूचना वेगळ्या असतात, त्या पाळा. सोबत घट्ट बसणारी आतली चड्डी किंवा लंगोट न्या. सैल बॉक्सर त्या दिवशी उपयोगाचा नाही. घरी आणायला कुणीतरी असू द्या आणि दोन दिवसांची रजा आधीच टाकून ठेवा. अंगमेहनतीचं काम असेल तर आठवड्याची.

टेबलावर

तुम्हाला उताणं झोपवतात, लिंग पोटाच्या बाजूला वळवून चिकटपट्टीने धरून ठेवतात, जंतुनाशकाने जागा पुसतात आणि भोवती निर्जंतुक कापड पसरतात. खोली उबदार हवी. गारठ्यात अंडकोश आक्रसतो, वृषणं वर ओढली जातात आणि नळी पकडणं कठीण होतं. थंडी वाजत असेल तर संकोच न करता सांगा.

सर्जन तीन बोटांच्या पकडीत नळी कातडीच्या अगदी खाली आणतो आणि बारीक सुईने लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध टोचतो. मुंगी कडकडून चावल्यासारखं काही सेकंद झोंबतं, मग जळजळ आणि मग बधिरपणा. दोन्ही बाजूंना हे होतं. पूर्ण प्रक्रियेत झोंबणारा क्षण हाच. पुढे कुणीतरी हात लावतंय, ओढतंय हे कळत राहतं, पण टोचल्याची वेदना कळता कामा नये. कळली तर लगेच बोला. थोडी भूल वाढवणं अगदी सोपं असतं, दात आवळून सहन करण्यात काहीच अर्थ नाही.

कातडी उघडण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत सुरीने एक किंवा दोन छोटे छेद देतात आणि नंतर टाके घालतात. दुसरी बिनटाक्याची पद्धत १९७४ साली चीनमध्ये डॉ. ली शुनचियांग यांनी विकसित केली. तिच्यात कडीसारख्या चिमट्याने नळी बाहेरूनच पकडतात आणि टोकदार चिमट्याने कातडीत एक सेंटिमीटरहून लहान भोक पाडून ते ताणून रुंद करतात. ऊती कापल्या न जाता बाजूला सरकतात, म्हणून रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग दोन्ही कमी होतात. बहुतेक वेळा एकाच भोकातून दोन्ही नळ्यांचं काम होतं आणि टाका लागत नाही. निवड करता येत असेल तर हीच पद्धत मागावी.

नळी बाहेर काढताना जांघेपासून ओटीपोटापर्यंत आतून ओढ लागल्यासारखं वाटतं, काहींना किंचित मळमळतं. नळीची ओढ वरपर्यंत पोचते म्हणून तसं होतं. लांब श्वास घेत पडून राहिलं की ते ओसरतं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर सांगा, पाय उंच करतात.

आता मुख्य काम. नुसती नळी कापून दोन्ही टोकं दोऱ्याने बांधली तर ती पुन्हा जुळण्याची शक्यता जास्त राहते. म्हणून टोकाच्या आतलं अस्तर जाळून बंद करतात आणि नळीवरचं पातळ आवरण दोन टोकांच्या मध्ये पडद्यासारखं ओढून घेतात. एक टोक पडद्याच्या अलीकडे, दुसरं पलीकडे. ‘तुम्ही नळी कशी बंद करता?’ हा प्रश्न आधीच्या भेटीत जरूर विचारा, कारण नसबंदी टिकणं बरंचसं यावरच अवलंबून असतं. दोन्ही बाजू मिळून साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात.

पहिले दोन दिवस

भूल दोन-तीन तासांत उतरते आणि मंद ठणका सुरू होतो. घरी गेल्यावर आडवे व्हा आणि शक्यतो आडवेच राहा. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा, मग काढा, तासाभराने पुन्हा ठेवा. उघड्या कातडीवर बर्फ कधीही नको. दुखल्यास पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन टाळा, त्याने रक्त गोठायला उशीर होतो.

घट्ट चड्डीचा आग्रह का, ते समजून घ्या. अंडकोशाच्या आतली ऊती इतकी सैल असते की एखादी केसाएवढी रक्तवाहिनी झिरपू लागली तर तिच्यावर दाब देणारं आत काहीच नसतं. शरीराच्या दुसऱ्या भागात आजूबाजूचं मांस दाबून रक्त थांबवतं. इथे ते काम तुमची चड्डी करते. म्हणून पहिले काही दिवस रात्रंदिवस, झोपेतही, ती अंगात असू द्या.

आंघोळ २४ तासांनंतर, वरून पाणी घेऊन. जागा चोळू नका, टिपून कोरडी करा. जखम भरेपर्यंत टब, तलाव, नदी नको. भोकातून पहिले एक-दोन दिवस गुलाबी पाणी झिरपेल, ते चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडकोश आणि लिंगाचं मूळ निळं-काळं पडलेलं पाहून पुष्कळ जण घाबरतात. ते कातडीखाली पसरलेलं थोडंसं रक्त असतं. हिरवं, मग पिवळं होत एक-दोन आठवड्यांत ते विरून जातं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो तिसऱ्या दिवशी. दुखणं थांबलेलं असतं, माणसाला वाटतं झालं आता, आणि तो सिलिंडर उचलतो किंवा सायकलवर बसतो. संध्याकाळी सूज वाढलेली असते. जड उचलणं, पळणं, व्यायाम, सायकल आणि समागम हे सगळं सात दिवस बंद ठेवा.

डॉक्टरकडे कधी धावायचं

अंडकोश तासागणिक फुगत, ताणत चालला असेल. घट्ट दाबूनही रक्त थांबत नसेल. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला असेल. जखमेभोवती लाली आणि उष्णता वाढत असेल, पू येत असेल. किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल. यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. रक्त साकळणं आणि जंतुसंसर्ग, दोन्ही साधारण शंभरात एक-दोघांना होतात आणि वेळेत पोचलं तर बरे होतात.

नळी कापलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ लागू शकते. गळालेल्या शुक्राणूंभोवती शरीराने घातलेलं ते कुंपण असतं आणि सहसा त्रास देत नाही. मागच्या गुंडाळीत दाब वाढून काही आठवडे जडपणाही वाटू शकतो. मात्र शंभरातल्या एक-दोघांचं दुखणं तीन महिन्यांपलीकडे रेंगाळतं आणि रोजच्या जगण्यात खुपतं. त्यावर औषधं, नसेजवळचं इंजेक्शन आणि क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. असं दुखणं ‘मनाचे खेळ’ म्हणून कुणी उडवून लावत असेल तर दुसऱ्या मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा.

तीन महिने आणि तो अहवाल

आठवड्यानंतर, दुखत नसेल तर, समागम सुरू करता येतो. पहिल्या काही वेळा वीर्यात तपकिरी किंवा लालसर छटा दिसेल, ती जाते. पण कापलेल्या जागेच्या वर, नळीच्या पुढच्या भागात, आधीचे शुक्राणू अजून शिल्लक असतात. प्रत्येक वीर्यपतनाबरोबर ते थोडे थोडे बाहेर पडतात. म्हणून या काळात दर वेळी निरोध किंवा दुसरं साधन वापरायचंच. बारा आठवडे आणि किमान वीसेक वेळा वीर्यपतन, हा धरून चालायचा हिशेब.

मग वीर्यतपासणी. आधी दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळा आणि प्रयोगशाळेने दिलेल्या रुंद तोंडाच्या डबीत हस्तमैथुनाने नमुना घ्या. साध्या निरोधात गोळा करू नका, त्यातल्या वंगणाने शुक्राणू मरतात आणि अहवाल फसवा येतो. थोडं जरी सांडलं तरी सांगा. डबी अंगाच्या उबेला, आतल्या खिशात ठेवून तासाभरात पोचवा, कारण शुक्राणू हलतात की नाही हे ताज्या नमुन्यातच कळतं.

एकही शुक्राणू दिसला नाही, किंवा दिसलेले सगळे न हलणारे आणि एका मिलिलिटरमध्ये १ लाखापेक्षा कमी असतील, तर डॉक्टर इतर साधनं सोडायला सांगतात. हलणारे दिसले तर लगेच नसबंदी फसली असं होत नाही. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. सहा महिन्यांनंतरही हलणारे शुक्राणू असतील तर मात्र नसबंदी पुन्हा करावी लागते. तोवर निरोध चालू.

चांगला अहवाल आल्यानंतरही टोकं आपोआप जुळून गर्भ राहण्याची शक्यता साधारण दोन हजारांत एक एवढी उरते. त्यामुळे पुढे कधी पाळी चुकली तर संशय घेत बसण्याआधी गर्भचाचणी करा आणि त्याबरोबर तुमची वीर्यतपासणीही. लैंगिक आजारांपासून नसबंदी कसलंच संरक्षण देत नाही, तिथे निरोधच लागतो.