केसपेपरवर ‘पडून इजा’ लिहिण्याआधी

दंडावर वळ, सोबत नवरा नाहीतर सासू, आणि उत्तर तयार: “जिन्यावरून पडली.” प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपीडीच्या टेबलाभोवती चार माणसं उभी असताना बाई दुसरं काय सांगणार? म्हणून आधी सोबतच्याला बाहेर काढा. “तपासणी करायची आहे, बाहेर थांबा,” एवढं बहुतेकदा पुरतं; नाहीच हलला तर औषधाच्या खिडकीकडे पिटाळा. नातेवाइकाला दुभाषा करू नका. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली, पावरी बोलणारी सिस्टर किंवा आशाताई बोलवा. ती बाईच्याच पाड्यावरची असेल, तर चालेल का ते आधी बाईलाच विचारा.

“हिंसाचार होतो का?” या प्रश्नाला उत्तर ‘नाही’च येतं. अहिराणी बोलणारीला साधं विचारा: “घरमा कोनी मारस का?” नाही म्हणाली तर खोदू नका, पुढच्या वेळी पुन्हा विचारा. हो म्हणाली तर “तू काय केलं होतंस?” हे तोंडातून जाऊ देऊ नका. ऐकून घ्या, यात तिची चूक नाही असं सांगा. नवऱ्याला बोलावून समजूत घालणं हे तुमचं काम नव्हे. घरी गेल्यावर त्याचा राग तिच्यावरच निघतो.

गळा दाबला होता का, हे प्रत्येकीला वेगळं विचारा. गळ्यावर खूण नसली तरी इजा आत असू शकते. आवाज बसलाय, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके, शुद्ध हरपली होती, कपड्यात लघवी झाली होती: यांतलं काहीही असेल तर घरी सोडू नका, मोठ्या रुग्णालयात पाठवा. गरोदर असेल तर बाळाचे ठोके ऐका. लैंगिक अत्याचार असेल तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी.

आता नोंद. कोर्टात वर्षभराने हाच कागद बोलतो. ‘मारहाणीच्या खुणा’ असं मोघम नको. असं लिहा: “उजवा दंड, कोपराच्या 6 सें.मी. वर, बाहेरच्या बाजूला, 8 सें.मी. लांब दोन समांतर जांभळे वळ, मध्ये फिकट पट्टी.” काठीचा वळ असाच उमटतो. रंग लिहा, पण रंगावरून इजा किती दिवसांची ते ठरवू नका, तो अंदाज चुकतो. कोणी, कशाने मारलं, ते तिच्याच शब्दांत, अवतरणात घ्या. “म्हणे” हा शब्द गाळा.

एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे इजेची कायद्यासाठीची वैद्यकीय नोंद) करणं वेगळं, तिने पोलिसांत तक्रार देणं वेगळं. तिला तक्रार द्यायची नसेल तर तसं नोंदवा. उपचार कशासाठीच अडवायचे नाहीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार ती मदत मागायला आली तर उपचार देणं बंधनकारक आहे. घरगुती घटना अहवाल आधी भरलेला नसेल तर त्याचा नमुना 1 दवाखान्यानेच भरून संरक्षण अधिकाऱ्यांकडे (याच कायद्याखाली नेमलेल्या) पाठवायचा असतो. तपासणी अहवालाची प्रत तिला मोफत मिळते. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार असेल तर मात्र पोलिसांना कळवावंच लागतं.

निघताना विचारा: आज घरी जायला भीती वाटते का? मारून टाकायची धमकी दिलीय? मुलं कुठे आहेत? भीती वाटत असेल तर दाखल करून घ्या, सखी वन स्टॉप सेंटरला (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) फोन लावा. मदतीच्या नंबरांचं पत्रक हातात देऊ नका, पिशवीत सापडलं तर मार वाढतो. 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (तातडीची मदत) हे नंबर तिच्याकडून तोंडपाठ करून घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून ती पुन्हा येणं अवघड, म्हणून फेरतपासणीची तारीख बाजाराच्या दिवशीची द्या आणि केसपेपरवर कारण लिहा, ‘ड्रेसिंग’.