विद्यापीठातली आपत्कालीन तयारी : या चुका टाळा, बडोद्यात तर नक्कीच

दर जूनमध्ये सत्र सुरू व्हायच्या सुमारास कुठल्या तरी विभागातून फोन येतो. "मॅडम, आपत्कालीन आराखडा सादर करायचाय. तुमची जुनी फाईल द्याल का? विभागाचं नाव तेवढं बदलून घेतो." मी देत नाही. बडोद्यात मुलींचं वसतिगृह सांभाळण्यात आणि पुढे सुरक्षा समितीत माझी बावीस वर्षं गेली. एवढ्या काळात एकच फाईल नावं बदलून किती ठिकाणी फिरताना पाहिली, त्याची मोजदाद नाही. एकीत त्सुनामीवर सबंध पान होतं आणि शहरातल्या विश्वामित्री नदीच्या पुराबद्दल दोन ओळी.

पण फाईल उसनी घेणं ही त्यातली मोठी चूक नाही. मोठी चूक म्हणजे जबाबदारी पदाच्या नावावर टाकणं. "मुख्य समन्वयक : कुलसचिव. पूरस्थिती : वसतिगृहप्रमुख. वीज व पाणी : स्थावर विभाग." वाचायला व्यवस्थित वाटतं. पण पद रात्री अडीच वाजता जिना चढून येत नाही, माणसाला यावं लागतं. तो माणूस कुठे राहतो आणि कोणत्या रस्त्याने येणार, हे त्या कागदावर कधीच लिहिलेलं नसतं.

२०२४चा ऑगस्ट बडोद्यात कोणी विसरलेलं नाही. २६ तारखेला जन्माष्टमी होती. सुट्टी जोडून आल्यामुळे निम्म्या मुली घरी गेल्या होत्या, निम्म्या राहिल्या होत्या. पाऊस थांबेना, आजवा धरणातून पाणी सोडलं जात होतं आणि विश्वामित्री चढत होती. नदी शहराच्या मधून वाहते. सयाजीगंज, स्टेशन, अलकापुरी एका अंगाला. रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार दुसऱ्या. त्या वेळी मी ज्या वसतिगृहात होते ते स्टेशनच्या अंगाला. आराखड्यात पुरासाठी पाच जणांची नावं होती. पाचही जण नदीपलीकडे राहायचे. काळाघोड्याचा पूल बंद झाला आणि आमची आपत्कालीन समिती सगळीच्या सगळी पलीकडे राहिली.

अलीकडे मी, एक वॉचमन काका आणि मेसमध्ये स्वयंपाकाला असलेल्या दोघी. जनरेटर तळघरात. पहिलं पाणी तिथेच शिरलं, त्यामुळे दिवे गेले, पंप गेला आणि वरच्या टाकीत होतं तेवढंच पाणी उरलं. आराखड्याची फाईल तळमजल्यावरच्या ऑफिसात, कपाटाला कुलूप आणि किल्ली अधीक्षकांकडे, म्हणजे तीही पलीकडेच.

त्या रात्री मला खरी भीती पाण्याची वाटली नाही. आत नेमक्या किती मुली आहेत, हे मला सांगता येत नव्हतं. रजेच्या रजिस्टरप्रमाणे चौऱ्याण्णव असायला हव्या होत्या. पण कोणी सही न करता गेली होती, कोणी सही करून गाडी रद्द झाल्यामुळे परत आली होती, दोघी मैत्रिणीच्या खोलीवर झोपायला गेल्या होत्या. शेवटी खडू घेतला. प्रत्येक खोलीत टॉर्च मारून माणसं मोजायची, दाराच्या चौकटीवर आकडा लिहायचा आणि त्याखाली वेळ. तळमजल्याच्या मुली वर हलवल्या की खालचा आकडा खोडायचा आणि वरच्या दारावर वाढवायचा. बेरीज सत्त्याऐंशी आली. पुन्हा मोजलं, तेवढीच आली. तेव्हा कुठे मी जिन्यात पाच मिनिटं बसले.

सकाळी पाऊस ओसरला होता, पाणी मात्र अजून चढतच होतं. नवीन माणसाला हे सांगूनही पटत नाही. विश्वामित्री पावागढाकडून येते. तिकडचा पाऊस आणि आजव्याचं पाणी शहरात पोचायला वेळ घेतं, म्हणून डोक्यावर ऊन असतानाही पायऱ्या एकेक करून बुडत जातात. धोक्याची पातळी २६ फूट. त्या वेळी नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. मुलींनी घरून आणलेले खाखरे, चिवडा आणि वरच्या खोलीत चुकून राहिलेलं पोह्यांचं एक पोतं यावर आम्ही दोन दिवस काढले. कोठीतले गहू-तांदूळ तळमजल्यावर भिजून गेले होते.

त्यानंतर लागलेली सवय आजही मोडलेली नाही. माझ्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता असतो, पेन्सिलीने लिहिलेला. प्रत्येक कामासमोर तीन नावं, त्यातलं निदान एक नदीच्या अलीकडे झोपणाऱ्याचं. दर महिन्याच्या एक तारखेला तिघांनाही फोन करून विचारते, इथेच आहात ना? कोणी घर बदललेलं असतं, कोणाच्या मुलीचं बाळंतपण असतं. मग नाव खोडून दुसरं लिहायचं. एक नियमही ठरवून टाकला आहे : काळाघोड्याला नदी अठरा फुटांवर गेली की तळमजला रिकामा करायचा, कोणालाही न विचारता. परवानगीसाठी फोन लावण्यात आमचा त्या दिवशी दीड तास गेला होता. आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी रजिस्टर बघत बसायचं नाही, खोल्यांतून फिरून डोकी मोजायची.

नव्याने समन्वयक झालेली मंडळी हे ऐकतात, मान डोलावतात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतात. ग्रुपने काम होत नाही. त्या रात्री आमच्या ग्रुपवर आजवा फुटल्याचा मेसेज तीनदा आला. धरण शाबूत होतं, पण तो मेसेज वाचून चार मुली सामान घेऊन गुडघाभर पाण्यात फाटकापर्यंत गेल्या होत्या. आजव्याची पातळी आणि काळाघोड्याची पातळी, एवढे दोनच आकडे प्रशासनाकडून घ्या, फळ्यावर वेळेसकट लिहा आणि लिहिणारा माणूस एकच ठेवा.

पुराच्या पाण्याबरोबर मगर आवारात आली तर वनविभागाला कळवा आणि तोपर्यंत लांब राहा. काठी घेऊन हुसकायला जाऊ नका.

आता आगीबद्दल, कारण इथे माझा संयम सुटतो. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप. प्रत्येक ठिकाणी कारण तयार असतं : चोऱ्या होतात, मुलं हजेरी देऊन मागच्या दाराने पळतात, मांजर येतं. २४ मे २०१९ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. खाली यायला वाट उरली नाही म्हणून मुलांनी वरून उड्या टाकल्या. सगळ्या गुजरातने ते टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर वर्षभर सगळीकडे दारं उघडी होती, मग एकेक कुलूप परत आलं. मी दर सोमवारी सकाळी दुसऱ्याच जिन्याने चढते. दार लागलेलं असेल तर उघडून मिळेपर्यंत तिथून हलत नाही. हजेरीचा प्रश्न हजेरीने सोडवा. आतून ढकललं की उघडेल असा दांडा दाराला बसवता येतो. तोवर कडी चालेल, कुलूप नाही.

अग्निशामक नळकांडं कपाटामागे टांगलेलं असतं, काटा हिरव्यात आहे की नाही हे कोणी बघत नाही आणि पिन ओढून चालवून पाहिलेला माणूस अख्ख्या इमारतीत एखादाच. मुदत संपत आलेली नळकांडी भरायला पाठवण्याआधी मैदानात नेऊन शिपाई, लॅब असिस्टंट आणि वॉचमन यांच्याकडून चालवून घ्या. प्राध्यापकांच्या आधी त्यांच्याकडून, कारण आग बहुतेक वेळा त्यांनाच आधी दिसते.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लाल बादल्या असतात आणि त्यात वाळूऐवजी चहाचे कप. सोडियमला आग लागली तर पाणी टाकलं की हायड्रोजन निघतो आणि भडका होतो. तिथे कोरडी वाळूच लागते. डोळे धुण्याचा नळ आठवड्यातून एकदा सोडून बघा. डोळ्यात आम्ल गेलं तर पंधरा मिनिटं सलग धुवायचं असतं, आणि पहिलं मिनिट गंजलेलं पाणी वाहून जाण्यात घालवता येत नाही.

मेसमध्ये गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, चालू असेल तर बंदही करू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. खालची दारं उघडा.

जमायची जागा पार्किंगमध्ये ठेवू नका. बंब तिथूनच आत येणार असतो.

भूकंपात जिन्याकडे धावू नका. २६ जानेवारी २००१ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास बडोदंही हललं. आमच्या मजल्यावर जी दुखापत झाली ती जिन्यातल्या चेंगराचेंगरीत झाली. टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा, हलणं थांबलं की मग बाहेर पडा.

शनिवारी अकरा वाजता, आधी परिपत्रक काढून घेतलेल्या मॉक ड्रिलचा उपयोग फोटोपुरता. निदान वर्षातून एकदा अंधार पडल्यावर घ्या आणि वॉर्डन रजेवर असताना घ्या. चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला कोण दोघं उचलणार, हे त्यालाच विचारून ठरवा. आमच्याकडच्या एका मुलीने स्वतः निवडलेल्या मैत्रिणींनी तिला तिसऱ्या मजल्यावरून चार मिनिटांत खाली आणलं. समितीने नेमलेले दोघे त्या दिवशी मॅचला गेले होते.

अग्निशमन अधिकारी आला की सूत्रं त्याची. विभागप्रमुख म्हणून त्याच्याशी वाद घालत उभं राहू नका. त्याला तीन गोष्टी हव्या असतात : आत किती माणसं, कुठल्या मजल्यावर, आणि सिलिंडर-रसायनं कुठे. त्या सांगून बाजूला व्हा. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात द्या, प्रत्येक किल्लीला खोलीचा नंबर बांधलेला, अंधारातही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. माझा जुडगा वॉचमन काकांच्या खुर्चीमागे खिळ्याला असतो आणि त्याच्याच शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत, खडूचा डबा.