बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमसाठी ओपनिंग बुक कसे बनवावे?

२०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताने सुवर्णपदक मिळवले, त्या संघात आपल्या नाशिकचा विदित गुजराथी होता. तेव्हापासून माझा भाचा पट सोडत नाही. कॉलेज रोडच्या घरी तो माझ्या प्रोग्रॅमशी खेळायला बसला आणि पांढऱ्याकडून घोडा एफ३, डी४, सी४ असे खेळला. प्रोग्रॅमची उत्तरे डी५, घोडा एफ६, ई६. ही स्थिती ओपनिंग बुकात, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार चालींच्या साठ्यात, होती, पण तिथे डाव डी४ ने सुरू झालेला. मी चालींची यादी साठवली होती, त्यामुळे पुढे घोडा सी३ आल्यावर ओळखीच्या जागीही प्रोग्रॅम अडला.

म्हणून बुकात स्थिती साठवा, चालींचा क्रम नको.

प्रत्येक स्थितीला आकड्याची चावी द्यायची. अल्बर्ट झोब्रिस्टने १९७० मध्ये मांडलेली पद्धत आजही उत्तम चालते. सहा प्रकारची मोहरी, दोन रंग, ६४ घरे, म्हणून ७६८ यादृच्छिक आकडे घ्या, प्रत्येक ६४ बिटांचा. पटावर जे मोहरे जिथे आहे त्याचा आकडा 'एक्सॉर' करत जा, म्हणजे दोन आकड्यांचे बिट जिथे वेगळे तिथे १ आणि जिथे सारखे तिथे ०. घोडा जी१ वरून उचलला की तिथला आकडा पुन्हा एक्सॉर करा, तो निघून जातो. मग एफ३ चा मिसळा. कागदावर करून बघा: ५ एक्सॉर ९ म्हणजे १२, आणि १२ एक्सॉर ९ म्हणजे परत ५. क्रम कसाही असला तरी उत्तर बदलत नाही, सगळी गंमत यातच आहे.

खेळी कोणाची यासाठी १, कॅसलिंगच्या (राजा आणि हत्ती एकत्र हलवण्याच्या) हक्कांसाठी ४ आणि एन पासाँसाठी (दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने लगेच मारण्यासाठी) ८ आकडे आणखी लागतात. पॉलीग्लॉट नावाच्या प्रसिद्ध बुक-फॉर्मॅटमध्ये असे एकूण ७८१ आकडे आहेत.

एन पासाँपाशी मात्र जपा. वरची स्थिती डी४, घोडा एफ६, सी४, ई६, घोडा एफ३, डी५ अशीही येते. इथे शेवटी काळे प्यादे दोन घरे पुढे आले. तेवढ्यावरून एन पासाँचा आकडा मिसळलात, तर एकाच स्थितीला दोन चाव्या होतील. ते प्यादे मारायला शेजारी पांढरे प्यादे असेल तेव्हाच मिसळा.

बुक भरणे सोपे आहे. चांगल्या खेळाडूंच्या डावांची पीजीएन फाइल (डावांच्या चाली लिहिलेली मजकुराची फाइल) घ्या, पायथॉन-चेस लायब्ररीने पहिल्या बारा-पंधरा चाली वाचा आणि प्रत्येक स्थितीच्या चावीखाली खेळली गेलेली चाल नोंदवा. चाल खेळणारा जिंकला तर २ गुण, बरोबरीला १.

खेळताना चावी सापडली नाही, तर लगेच हार मानू नका. प्रत्येक नियमानुसार चाल मनातल्या मनात खेळून पुढची स्थिती बुकात आहे का ते बघा. असली तर परतीची वाट सापडली. पण ती चाल इथून कोणी खेळलेली नसते, तेव्हा खेळण्याआधी इंजिनकडून, म्हणजे प्रोग्रॅमच्या चाली पारखणाऱ्या भागाकडून, थोडा वेळ तपासून घ्याच.