सीमाभागात नव्याने आलेल्या भगिनींसाठी: शून्य रुपयांचे तिकीट आणि त्याचे नियम

गडहिंग्लज तालुक्यातून लग्न होऊन मी बेळगाव तालुक्यातल्या उचगावात आले, त्याला आता तीस वर्षे होत आली. सोयरिकी हद्दीच्या अल्याड-पल्याड पूर्वीपासून होत आल्या आहेत, त्यामुळे दर लग्नसराईनंतर चंदगड, आजरा, कागल भागातल्या मुली आमच्या गल्लीत सुना म्हणून येतात, काही जणी नवऱ्याच्या बदलीमुळे येतात, तर काही शिक्षणासाठी. यांपैकी बहुतेकींचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न एकच असतो: इकडे बायकांना बस फुकट आहे ना? आहे, पण ती कोणाला, कोणत्या गाडीत आणि कुठपर्यंत, हे नीट समजून न घेतल्यामुळे पहिल्याच प्रवासात वाद घालून डोळ्यांत पाणी घेऊन उतरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कर्नाटक सरकारची ही योजना 'शक्ती' या नावाने ११ जून २०२३ रोजी सुरू झाली. राज्यातल्या चारही सरकारी परिवहन महामंडळांच्या साध्या गाड्यांना ती लागू आहे आणि आपल्या भागात धावणाऱ्या गाड्या त्यांपैकी वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या आहेत, ज्याचे मुख्यालय हुबळीला आहे. मुलींपासून वृद्धांपर्यंत सर्व वयाच्या स्त्रियांना आणि तृतीयपंथी व्यक्तींनाही हा लाभ मिळतो. उत्पन्नाची किंवा रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही. अट आहे ती कर्नाटकातील रहिवासाची, आणि नव्याने आलेल्या बहुतेक मुली नेमक्या इथेच अडतात.

कंडक्टर तुमचे ओळखपत्र मागतो तेव्हा तो तुमची जात, भाषा किंवा माहेर पाहत नसतो, तो त्यावरचा पत्ता पाहत असतो. केंद्र किंवा राज्य सरकारने दिलेले, छायाचित्र असलेले आणि कर्नाटकातला पत्ता असलेले कोणतेही ओळखपत्र चालते. व्यवहारात आधार कार्ड आणि मतदार ओळखपत्र हीच दोन वापरली जातात. माझी भाची लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंबरोबर बेळगावला बाजाराला निघाली. सासूबाईंना शून्याचे तिकीट मिळाले आणि हिच्याकडून पूर्ण पैसे घेतले गेले. आपण मराठी बोललो म्हणून असे केले, असा तिचा समज झाला आणि घरी येऊन ती रडली. सासूबाईही त्याच गाडीत मराठीच बोलत होत्या, हे तिच्या लक्षात आले नव्हते. भाचीच्या आधारवर जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र असे छापलेले होते, आणि त्या पत्त्यावर पूर्ण तिकीट घेणे हाच नियम आहे. मंगळसूत्र, लग्नपत्रिका किंवा नवऱ्याचे कार्ड दाखवून हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून इथे आल्यावर पहिले काम पत्ता बदलण्याचे करावे, आणि ते वाटते तितके अवघड नाही. नव्या सुनेच्या नावावर विजेचे बिल किंवा घराचा उतारा नसतो, त्यामुळे पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न पूर्वी खरोखरच मोठा होता. २०२३ पासून आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय झाली आहे: विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव घातलेले रेशनकार्ड नात्याचा पुरावा म्हणून जोडायचे, ज्याच्या आधारवर इथला पत्ता आहे त्या पतीचा किंवा सासऱ्यांचा आधार क्रमांक द्यायचा, आणि त्यांनी आपल्या मोबाईलवर आलेल्या विनंतीला ३० दिवसांच्या आत मान्यता द्यायची. ही मान्यता द्यायला घरातले पुरुष विसरतात आणि मुदत गेली की अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, हा माझा अनेक घरांतला अनुभव आहे. त्यांच्या हातात मोबाईल देऊन, समोर बसून ते काम करून घ्यावे. यासाठी विवाहाची नोंदणी आधी झालेली असणे सोयीचे पडते, तेव्हा तो दाखला माहेरून निघतानाच सोबत आणलेला बरा. मतदार ओळखपत्राचा पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो, पण त्याला वेळ अधिक लागतो. पत्ता बदलून येईपर्यंत निमूटपणे तिकीट काढावे.

कार्ड नेहमी मूळ जवळ ठेवावे. डिजिलॉकरमधले कार्डही ग्राह्य आहे, मात्र गर्दीच्या गाडीत, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने मोबाईल उघडून, नेटवर्क येण्याची वाट पाहत उभे राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांना मूळ कार्डाचे महत्त्व सांगावे लागत नाही. योजनेच्या सुरुवातीला वेगळ्या स्मार्ट कार्डाची घोषणा झाली होती. मी मात्र आजवर साध्या आधार कार्डावरच प्रवास करीत आले आहे. बसचे फुकट कार्ड काढून देतो म्हणून गावात कोणी पैसे मागू लागला तर त्याला वाटेला लावावे.

यानंतरचा आणि सीमाभागात सर्वात महत्त्वाचा भाग गाडीच्या पाटीचा आहे. फुकट प्रवास कर्नाटक राज्याच्या आतल्या गाड्यांमध्येच आहे; जी गाडी महाराष्ट्रात किंवा गोव्यात जाणार आहे ती आंतरराज्य गाडी ठरते, आणि तुम्ही हद्दीच्या अलीकडेच उतरणार असलात तरी तिच्यात शून्याचे तिकीट मागू नये. हा धडा मी स्वतः घेतला आहे. मला जायचे होते फक्त संकेश्वरला, पण बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकात कोल्हापूरची पाटी लावलेली गाडी आधी उभी दिसली आणि घाईत मी तिच्यात चढले. कंडक्टरने तिकीट मागितले तेव्हा मी कार्ड पुढे केले, त्याने शांतपणे गाडीच्या पाटीकडे बोट दाखवले, आणि मला पूर्ण पैसे मोजावे लागले. मागेच निपाणीची गाडी रिकामी उभी होती. तेव्हापासून मी पाटी वाचल्याशिवाय पायरीवर पाय ठेवत नाही.

आपल्या भागात हद्द कुठे आहे हे त्यासाठी ध्यानात ठेवावे लागते, कारण रस्त्यावर दोन्ही बाजूंची माणसे, घरे आणि भाषा सारखीच दिसतात. राष्ट्रीय महामार्गावर संकेश्वर आणि निपाणी कर्नाटकात आहेत आणि कोगनोळीपुढे कागल तालुका सुरू होतो. वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची ही गावे इकडची आणि त्यापुढची शिनोळी चंदगड तालुक्यातली. अथणीकडून मिरजेला जाताना कागवाड आपल्याकडचे, म्हैसाळ पलीकडचे. गोव्याच्या चोर्ला रस्त्यावर जांबोटी, कणकुंबी इकडे येतात. खानापूर, बैलहोंगल, गोकाक, चिक्कोडी, हुबळी, धारवाड किंवा यल्लम्माच्या दर्शनाला सौंदत्तीला जायचे असेल तर हद्दीचा प्रश्नच नाही. पौर्णिमेला सौंदत्तीच्या गाडीत उभे राहायला जागा मिळेल की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

माहेरी जाणाऱ्यांसाठी एक हिशेब सांगते. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, आणि स्त्रियांच्या निम्म्या तिकिटासाठी तिथे पत्ता विचारला जात नाही. परंतु ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच असल्याने बेळगावातून एसटीत बसल्यास हद्दीपर्यंतचे भाडे पूर्ण द्यावे लागते. म्हणून अनेक जणी बेळगावहून निपाणीपर्यंत इकडच्या गाडीने शून्याच्या तिकिटावर येतात आणि निपाणीहून कोल्हापूरची एसटी पकडतात. यात पैसे वाचतात हे खरे, पण तान्हे मूल, दोन पिशव्या आणि भर दुपारचे ऊन असेल तर निपाणीच्या स्टँडवर गाडीची वाट पाहण्यापेक्षा सरळ कोल्हापूरच्या गाडीत बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी फुकट असली तरी तिकीट घ्यावेच लागते. कंडक्टर यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून देतो आणि ते उतरेपर्यंत जपून ठेवायचे असते, कारण सरकार महामंडळाला जे पैसे देते ते याच तिकिटांच्या हिशेबावर. तपासणीस मध्येच गाडीत चढले आणि तुमच्याकडे तिकीट नसले, तर फुकटच आहे ना, हे उत्तर चालत नाही. दंड तुम्हाला होऊ शकतो आणि कंडक्टरही अडचणीत येतो. जिथे उतरायचे त्याच गावाचे तिकीट मागावे, पुढच्या गावाचे घेऊन मध्ये उतरू नये. वाटेत उतरून दुसरी गाडी धरली तर नवे शून्याचे तिकीट घ्यावे. आपल्या कार्डावर सोबतच्या पुरुषाचे तिकीट मागणे, मग तो भाऊ असो की वर्गमित्र, सर्वथा चुकीचे आहे.

साधी गाडी, शहर बस आणि वेगदूत या नावाची जलद गाडी एवढ्यांत हा लाभ मिळतो. राजहंस, ऐरावत, अंबारी, झोपून जायच्या गाड्या आणि वातानुकूलित गाड्या यांत मिळत नाही, तसेच लग्नासाठी ठरवून नेलेल्या गाडीतही मिळत नाही. बेळगावात शहर बसस्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक शेजारी शेजारीच आहेत, तेव्हा कोणत्या फाटकातून आत शिरलो ते पाहावे.

आसनांचा एक नियम सहसा कोणी सांगत नाही: शहराबाहेरच्या गाड्यांत निम्मी आसने पुरुषांसाठी राखलेली आहेत. प्रत्यक्षात गाडी बायकांनी भरलेली असते आणि पुरुष उभे असतात, पण तिकिटाचे पैसे मोजलेल्या एखाद्या म्हाताऱ्या मामांनी जागा मागितली तर ती देणे नियमालाही धरून आहे. ५ जानेवारी २०२५ पासून भाडे १५ टक्क्यांनी वाढले आहे, त्यामुळे त्यांची चिडचिड समजण्यासारखी आहे. साठी उलटलेल्या पुरुषांना वयाचा व रहिवासाचा पुरावा दाखवल्यास २५ टक्के सवलत मिळते, हे सासऱ्यांना सांगून ठेवावे. मुलगा सहा वर्षांचा झाला की त्याचे अर्धे तिकीट लागते. प्रवास फुकट असला तरी मर्यादेपलीकडच्या सामानाला पैसे पडतात. माहेरहून तांदळाचे पोते आणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता भाषेविषयी. पाट्या कन्नडमध्ये असतात आणि पहिले काही महिने त्या वाचता येणार नाहीत, तेव्हा सरळ विचारावे. आपल्या भागातले बरेच कंडक्टर मराठी समजतात, पण बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्यांना ती येत नाही, आणि त्यांच्याशी अडून बसण्यात आपलीच गाडी चुकते. 'एल्लिगे री' म्हणजे कुठे जायचे, 'कार्ड तोरसरी' म्हणजे कार्ड दाखवा, 'मुंद होगरी' म्हणजे पुढे सरका, 'चिल्लरे कोडरी' म्हणजे सुटे द्या. एवढी चार वाक्ये आली की दिवस निभावतो. शेवटचा तो 'री' आपल्या 'अहो'सारखा मानाचा आहे, तो आपणही लावावा. मी मराठी आहे, मराठीतच बोलते आणि त्याचा मला अभिमान आहे. तरीही उतरण्याच्या गावाचे नाव कन्नड वळणाने उच्चारल्याने त्या अभिमानाला धक्का लागल्याचे मला कधी जाणवले नाही.

तरीही ताणाचे दिवस येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात बसमधल्या वादानंतर दोन्ही राज्यांच्या आंतरराज्य गाड्यांची वाहतूक काही दिवस विस्कळीत झाली होती, आणि १ नोव्हेंबरला इकडे राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, तर सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा मराठी माणसांचा काळा दिवस असल्याने शहरात बंदोबस्त असतो. अशा दिवशी माहेरचा प्रवास ठरवू नये. निघणे भागच असेल तर स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीवर पलीकडे जाणारी गाडी सुटत आहे का ते आधी विचारावे, आणि निपाणी, संकेश्वर किंवा बाचीपर्यंत इकडच्या गाडीने जाऊन माहेरच्या माणसांना हद्दीवर न्यायला बोलवावे. आमच्या घरी तसे दोनदा केले आहे.